जुनं मोटरहोम आतून नव्यानं उभं करताना

जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलं की नजर आधी जाते ती विटलेल्या पडद्यांवर, पिवळ्या पडलेल्या छतावर आणि दबून गेलेल्या गाद्यांवर. लगेच रंगाचा डबा आणला जातो. तुम्हीही आणला असेल तर तो अजून उघडू नका. डोळ्याला खुपणाऱ्या गोष्टी सहसा शेवटी करायच्या असतात. गाडी खरोखर निकामी करणाऱ्या गोष्टी कपाटामागे, जमिनीखाली आणि छताच्या कोपऱ्यात दडलेल्या असतात.

मी हे काम पहिल्या तपासणीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत स्वतः केलं आहे, त्यामुळे नवा माणूस कुठे गोंधळतो ते मला ठाऊक आहे. माहिती भरपूर मिळते, पण सुटी सुटी. कुणी गादीबद्दल सांगतं, कुणी सौर पॅनेलबद्दल. आधी काय आणि नंतर काय, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. आधी पाणी आत येणं थांबवायचं, मग सांगाडा, मग गॅस, वीज आणि नळ, मग भिंती आणि जमीन, आणि अगदी शेवटी रंग नि कापड. हा क्रम मोडला की चांगलं झालेलं काम पुन्हा उखडावं लागतं.

## १. हत्यार उचलण्याआधी: कागद आणि वजन

पुढची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून घ्या:

- गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरचा गाडीचा प्रकार आणि आसनसंख्या नीट वाचा. आतली रचना बदलल्यावर यातलं काही बदलणार असेल, तर तुमच्याकडच्या वाहन नोंदणी कार्यालयात काम सुरू होण्याआधीच विचारा.
- वजनाच्या पाटीचा फोटो. ही पाटी बहुधा इंजिनाजवळ किंवा दाराच्या चौकटीवर असते. गाडीचं कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आसाची (अ‍ॅक्सलची) मर्यादा तिच्यावर कोरलेली असते.
- हीटर, फ्रिज, पाणी तापवायचं यंत्र, चार्जर यांची माहितीपुस्तकं. नसतील तर प्रत्येकाच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो काढा, त्यावरून पुस्तिका शोधता येते.
- गॅसच्या शेवटच्या तपासणीचा दाखला, असल्यास.
- विम्याचं पत्र. आतून मोठा बदल केलेला विमा कंपनीला कळवला नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते.

कागद जमले की गाडी वजनकाट्यावर घेऊन जा. नवखे लोक ही पायरी हमखास गाळतात, आणि म्हणूनच ती इतकी वर ठेवली आहे. एकूण वजनासोबत पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर चालवायच्या गाडीची मर्यादा दीर्घकाळ ३५०० किलो राहिली आहे, त्यामुळे तिकडे बनलेली बरीच मोटरहोम्स कोरी असतानाच त्या रेषेच्या जवळ असतात. त्यात १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो वाढले, आणि माणसं, सायकली, कपडे अजून चढायचेच आहेत.

फर्निचरचं लाकूड निवडताना हे वजन कामी येतं. १८ मिमी जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) एक चौरस मीटर साधारण १३ किलो भरतो. पॉप्लरचं १५ मिमी प्लायवूड त्याच्या निम्म्याच्या आसपास. दहा चौरस मीटरचं फर्निचर केलं तर फरक साठ किलोंच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास एका माणसाइतका. कारखान्यात मूळ कपाटं हलक्या लाकडाची केलेली असतात ती कंजूषपणाने नव्हे, वजनाचा हिशेब जमवण्यासाठी. घरातल्या स्वयंपाकघराचे ओटे, सिरॅमिकच्या फरशा, भरीव लाकडाची दारं यांचा मोह होतो. तो मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नंतर ती विसरली जाते. पट्टा लावलेली जी आसनं आहेत, त्यांच्या चौकटीला आणि बोल्टना हात लावायचा नाही. अपघातात माणसाचं सगळं वजन ती चौकट पेलते आणि तशी तिची चाचणी झालेली असते. वरचं कापड बदला, फोम बदला. लोखंड आहे तसंच राहू द्या.

## २. ओल शोधा

जुन्या मोटरहोमची भिंत बहुतेक वेळा तीन थरांची असते. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यांच्यामध्ये फोम, आत तीन-चार मिलिमीटरचं पातळ प्लाय. पाणी बाहेरच्या जोडातून शिरतं, पट्टीवरून वाहत खाली जातं आणि शिरलेल्या जागेपासून मीटरभर लांब डाग म्हणून दिसतं. म्हणून डाग जिथे आहे तिथेच गळती आहे असं समजू नका. वर आणि पुढे पाहत जा.

आधी नाक वापरा. गाडी दोन दिवस बंद ठेवा, दार उघडा आणि पहिला श्वास घ्या. कुबट वास आला तर ओल आहेच. सुगंधी फवारा मारून ठेवलेली गाडी दिसली तर अधिक बारकाईने पाहा. मग बोटं वापरा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, छतावरच्या झरोक्याभोवती, वरच्या कपाटांच्या आत, पलंगाखालच्या खणांत आणि दाराच्या उंबऱ्याजवळ अंगठ्याने दाबत जा. प्लाय मऊ लागलं, कागद फुगलेला वाटला, काळे ठिपके दिसले, तर तिथे खडूने खूण करा. जमिनीवर अनवाणी चालून पाहा. पाय जिथे किंचित दबतो किंवा पापुद्रे सुटल्याचा कर्रकर्र आवाज येतो, तिथे जमिनीचे थर एकमेकांपासून सुटले आहेत.

त्यानंतर ओलावा मोजणारं मीटर घ्या, दोन टोचण्या असलेलं. गाडीचा आडवा छेद कागदावर काढा आणि दर फुटावर मिळालेला आकडा त्यात लिहीत जा. लाकडावर १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चिंतेचा नाही. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवायची जागा. २० च्या वर गेला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती तयार होते, आणि ३० च्या वर असेल तर आतली पट्टी बहुधा गेलेलीच असते. टोचण्या नसलेलं, नुसतं भिंतीला टेकवायचं मीटर पत्र्यामुळे किंवा आतल्या चंदेरी फॉइलमुळे फसतं, त्याच्या एकट्या आकड्यावर भिंत फोडू नका. मोजणी पाऊस पडून गेल्यावर करा. महिनाभर ऊन खाल्लेली गाडी सगळीकडे छान आकडे दाखवते.

हा नकाशा जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो लागणार आहे.

## ३. गळती बाहेरून बंद करा

आतली भिंत उघडण्याआधी पाणी येण्याची वाट बंद झाली पाहिजे. बहुतेक गळत्या तीन ठिकाणी असतात: भिंत आणि छत जिथे मिळतात ती कोपऱ्याची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी, आणि छतावर जे काही बसवलेलं आहे त्याचा पाया. झरोका, अँटेना, सौर पॅनेलच्या पट्ट्या हे सगळं त्यात आलं.

वरून सीलंटची रेघ ओढून काम भागत नाही. पट्टी किंवा चौकट काढायची, जुना मसाला प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढायचा, स्क्रूची भोकं तपासायची, नवी ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावून पट्टी परत बसवायची. स्क्रू एकदम आवळू नका. ब्यूटाइल दाबली गेली की बाजूने बाहेर येते. एक दिवस थांबून पुन्हा थोडे आवळा आणि आलेला भाग कापून टाका. कडेला सीलंटची रेघ द्यायची ती यानंतर.

साधं सिलिकॉन इथे वापरू नका. ते काही काळाने सुटतं आणि त्याचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. आधीच्या मालकाने वापरलेलं असेल तर ते खरवडून काढण्यातच तुमचा बराच वेळ जाईल, पण दुसरा इलाज नाही. रबराचं छत असेल तर पेट्रोलियमचा अंश असलेली कोणतीही वस्तू त्याला लावू नका. खिडक्या आणि झरोके अ‍ॅक्रिलिकचे असतील तर ‘अ‍ॅक्रिलिकला चालतं’ असं लिहिलेलंच सीलंट घ्या. स्पिरिट, थिनर किंवा काच पुसायचा फवारा लागला तरी अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या भेगा पसरतात, आणि त्या परत जात नाहीत. कोमट पाणी आणि सौम्य साबण, एवढंच.

बंद केल्यावर पाइपाने पाणी मारून पाहा. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. प्रेशर वॉशर वापरायचा नाही, तो चांगले जोडही उचकटतो.

## ४. उकलताना

लागणारी हत्यारं: स्क्रू ड्रायव्हरचा पूर्ण संच, बॅटरीचं ड्रिल, दोन रुंद पटाशा, पक्कड आणि स्टेपल काढायचा चिमटा, पात्याची खोली बदलता येणारी कंपन करवत, मल्टिमीटर, पाने, क्रिंपिंगची पक्कड (वायरीच्या टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवायची), टॉर्च. जोडीला जाड हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि एफएफपी२ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क.

कारखान्यात आधी जमीन, मग फर्निचर, आणि मग त्याभोवती भिंती नि छत असा क्रम बऱ्याच गाड्यांत असतो. म्हणून काही स्क्रू अशक्य ठिकाणी सापडतात. ते बाहेरच्या बाजूने घातलेले असतात. याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. कपाटं, आडव्या भिंती आणि पलंगाच्या पेट्या या सगळ्या मिळून छताला आणि बाजूंना धरून ठेवतात. सगळं एकदम काढलं की पातळ भिंती बाहेर फुगतात, छत खाली बसतं, आणि नवीन कपाट जुन्या मापाने बसत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा. मोठी आडवी भिंत काढायची असेल तर छताला लाकडी टेकू द्या आणि ती परत बसेपर्यंत गाडी हलवू नका.

प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो, काढल्यावर चिकटपट्टीवर नाव, आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत. जुनी फळी कितीही खराब असली तरी नवी कापून होईपर्यंत फेकू नका. तीच तुमचा नमुना आहे. गाडीत काटकोन फारसे सापडत नाहीत, आणि तो तिरका, वळलेला काठ टेपने मोजण्यापेक्षा जुन्या फळीवरून उतरवून घेणं कितीतरी सोपं.

दोन धोके. बंद पडून असलेल्या गाडीत उंदरांची घरटी आणि लेंड्या सापडतातच. कोरड्या झाडू नका, त्या धुळीतून गंभीर आजार होऊ शकतो. जंतुनाशक पाणी फवारून ओल्या करा, थोडं थांबा, मग कागदाने उचला. दुसरा धोका फार जुन्या गाड्यांचा. १९८० च्या आधीची गाडी असेल तर जमिनीच्या टाइल्स, त्यांचा गोंद आणि हीटरमागचा उष्णतारोधक बोर्ड यांत अ‍ॅस्बेस्टस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. घासण्याआधी किंवा फोडण्याआधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

## ५. कुजलेलं लाकूड आणि जमीन

आतलं प्लाय कापताना करवतीची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवा, म्हणजे मागची वायर आणि बाहेरचा पत्रा वाचतो. पट्टी उघडी पडली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसून पाहा. जिथे ते सहज घुसतं ते लाकूड गेलं. तिथून पुढे कडक लाकूड लागल्यावरही आणखी वीतभर कापा. बुरशीचे तंतू डोळ्याला दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात.

मग वाळवणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच घाई होते. आर्द्रता शोषणारं यंत्र आणि पंखा लावून, दारं बंद ठेवून, राहिलेल्या लाकडाचा आकडा १५ च्या खाली येईपर्यंत थांबायचं. याला आठवडे लागू शकतात. ओल्या लाकडावर नवं प्लाय ठोकलं तर तीच बुरशी आतून नव्याला लागते. ब्लीचने काळे डाग फिके होतात पण लाकडात खोलवर मुरलेली बुरशी मरत नाही. लाकडासाठीचं बुरशीनाशक वापरा.

नवी पट्टी जुन्या पट्टीला तिरक्या जोडाने, जलरोधक गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून बसवा. मधल्या जागेत बंद पेशींचा फोम भरा, एक्सपीएससारखा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा. काचलोकर टाळा, रस्त्याच्या हादऱ्यांनी ती खाली बसते आणि ओल धरून ठेवते. फोमबरोबर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॉलिस्टर रेझिन आणि बहुतेक सॉल्व्हंटवाले गोंद पॉलिस्टायरीन फोम विरघळवतात, त्यामुळे इपॉक्सी किंवा फोमसाठीचाच गोंद घ्या. आणि पीव्हीसीचं आवरण असलेली वायर या फोमला थेट टेकली तर वर्षांनंतर तिचं आवरण कडक होऊन तडकतं. वायर नळीतूनच न्या.

जमिनीचे थर फक्त सुटले असतील आणि लाकूड कडक असेल, तर अख्खी जमीन काढायची गरज नसते. सुटलेल्या भागात वरच्या प्लायमध्ये हातभर अंतराने भोकं पाडायची, त्यातून पातळ इपॉक्सी सोडायचं, वर प्लास्टिक आणि फळी ठेवून वजन द्यायचं. सुकल्यावर भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या. लाकूडच भुसभुशीत असेल तर मात्र कापून नवं बसवण्याला पर्याय नाही.

## ६. गॅस

या पायरीवर स्वतः करायचं काम फारच थोडं आहे. पाइप, रेग्युलेटर आणि जोड यांचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि शेवटी दाखला घ्या. तुमची जबाबदारी वेगळी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून गाडीच्या जमिनीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, कपाटांच्या तळाशी आणि सिलिंडरच्या खणात. नवी जमीन टाकताना ‘इथून थंडी येते’ म्हणून लोक ती बुजवतात. बुजवू नका. छतावरचे आणि दाराजवळचे कायमचे उघडे झरोकेही तसेच राहायला हवेत.

रबरी नळीवर छापलेली तारीख पाहा. नळी तडकलेली असेल तर तारीख काहीही असो, बदला. उपकरणं किती दाबावर चालतात ते त्यांच्या पाटीवर असतं; आजच्या युरोपीय गाड्यांत ते ३० मिलिबार असतं, पण जुन्या जर्मन बनावटीच्या गाड्यांत ५० सापडतं. या दोन्हींची सरमिसळ करू नका. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतोच, तो त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर.

## ७. वीज

भिंती उघड्या आहेत तोवरच वायरिंग करायचं. जुन्या गाडीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकांनी जोडलेल्या वायरी असतात. कुठून कुठे जातात ते कळत नसेल तर मल्टिमीटरने एकेक शोधा, नाव लावा, आणि कुठेच न जाणारी काढून टाका.

१२ व्होल्टमध्ये नव्या माणसाला चकवते ती वायरची जाडी. १२० वॉटचं उपकरण २४० व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं, तेच १२ व्होल्टवर १० अँपिअर. बॅटरीपासून उपकरण पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. २.५ चौरस मिमीच्या वायरीतून १० अँपिअर नेले तर वाटेतच ०.७ व्होल्ट खर्च होतात. ६ चौरस मिमीची घेतली तर ०.३. फ्रिज नीट चालत नाही, पंप दमतो, या तक्रारींमागे बऱ्याचदा बारीक वायरच असते. घरगुती एकतारी वायर वापरू नका, हादऱ्यांनी ती तुटते. अनेक बारीक तारांचीच घ्या, टोकाला क्रिंप केलेलं टर्मिनल बसवा.

बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या प्रत्येक वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. फ्यूज वायरीच्या क्षमतेवरून ठरवायचा, कारण तो वायर पेटू नये म्हणून असतो.

बॅटरी जुनी शिशाची असेल तर विश्रांतीत १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. त्याखाली वरचेवर नेली तर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर वजन निम्म्याहून खाली येतं आणि क्षमता जवळपास पूर्ण वापरता येते, पण शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नसते. शिवाय इंजिनावरून ती थेट चार्ज केली तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणारं यंत्र, तापतो. मध्ये डीसी ते डीसी चार्जर लागतो. जुना चार्जर लिथियमला चालतो का तेही पाहा. बाहेरून घ्यायच्या २४० किंवा १२० व्होल्टच्या जोडणीचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचसकट.

## ८. पाणी आणि नळ

पंपाचा स्विच लावा, सगळे नळ बंद ठेवा. पंप दाब भरून थांबला आणि शांत राहिला तर पाइप ठीक आहेत. मधूनमधून स्वतःच गुरगुरत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय. बहुतेक वेळा तो थंडीत पाणी गोठून फुटलेला जोड असतो. फर्निचर बसण्याआधी शोधा.

टाकी धुण्यासाठी सुगंध नसलेलं घरगुती ब्लीच, पाच-सहा टक्क्यांचं, एक लिटर पाण्याला साधारण एक मिलिलिटर या प्रमाणात घाला. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. पाणी तापवायच्या यंत्राला क्लोरीन चालतं का ते पुस्तिकेत पाहा. नसेल तर ते आधी वगळा.

## ९. भिंती, रंग आणि जमीन

आता तो रंगाचा डबा. आतल्या भिंती आणि कपाटांवर बहुतेक वेळा विनाइलचा किंवा छापील कागदाचा गुळगुळीत थर असतो, त्यावर रंग थेट धरत नाही. आधी तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने दोनदा धुवा, विशेषतः शेगडीच्या आसपास. वाळल्यावर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासा. जोर लावला तर कागद फाटून खालचं लाकूड दिसतं. मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर, आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन पातळ हात. स्पर्शाला काही तासांत कोरडा वाटला तरी रंग पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. त्याआधी दारं बंद केली तर कडा एकमेकींना चिकटतात. भिंतीच्या जोडांत पुट्टी भरू नका, गाडी चालताना ती तडकते. लवचिक अ‍ॅक्रिलिक भरा.

वरची कपाटं बसवताना स्क्रू पातळ प्लायमध्ये धरत नाही, मागच्या लाकडी पट्टीतच जायला हवा. म्हणून भिंत बंद करण्याआधी पट्ट्यांच्या जागांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा. दारांना घरगुती चुंबक पुरत नाहीत; पहिल्याच वळणावर भांडी खाली येतात. दाबून उघडायची कुलपं लावा.

जमिनीसाठी माझी पसंती विनाइलच्या अखंड रोलला. हलका, जोड नाहीत, पाणी खाली जात नाही. खटक्याने जोडायच्या फळ्या सुंदर दिसतात, पण त्या उन्हाथंडीने सरकतात. त्या टाकल्याच तर कडेला ८ ते १० मिमी जागा सोडा आणि त्यांच्यावर कपाट घट्ट स्क्रू करू नका. बाहेर सरकणारी खोली असलेल्या गाडीत जमिनीची जाडी वाढवण्याआधी खालची फट मोजा, नाहीतर ती खोली आत येताना नवी जमीन ओरबाडते.

## १०. गाद्या आणि कापड

दिवसा बसायला आणि रात्री झोपायला एकच गादी वापरायची असेल तर घनमीटरला ३० ते ३५ किलो घनतेचा, जरा कडक फोम घ्या, १० ते १२ सेंटिमीटर जाडीचा. जुन्या खोळी उसवून त्यांचेच कागदी साचे करा. चेन मागच्या लांब बाजूला, कोपऱ्यावरून थोडी वळवून घ्या, म्हणजे खोळ धुवायला सहज निघते. कापड आग लवकर न पकडणारं असावं. विक्रेत्याकडे त्याचा दर्जा लेखी मागा.

पलंगाची फळी सलग असेल तर तिला भोकं पाडा किंवा तिच्या जागी पट्ट्या लावा. झोपलेल्या माणसाच्या घामाची वाफ गादीतून खाली जाते आणि थंड फळीवर पाणी होऊन बसते. नव्या गादीखाली काही महिन्यांत बुरशी येते ती यामुळेच.

## ११. पहिला मुक्काम

सगळं बसल्यावर गाडी भरलेल्या टाकीसह आणि नेहमीच्या सामानासह पुन्हा वजनकाट्यावर न्या, आकडे पाटीशी ताडून पाहा. मागचा आस मर्यादेच्या जवळ असेल तर जड सामान दोन आसांच्या मधोमध आणि खाली हलवा.

पहिली रात्र घरापासून लांब काढू नका. आधी तासभर खराब रस्त्यावर चालवा, एक जण मागे कान देऊन बसेल तर उत्तम, अर्थात पट्टा लावलेल्या आसनावर. खडखड कुठून येते ते लिहून घ्या. परत आल्यावर बिजागऱ्या, नळांचे जोड आणि बॅटरीची टर्मिनलं आवळा. रात्री हीटर, फ्रिज, पंप आणि दिवे एकत्र चालवून बॅटरीचा व्होल्टेज सकाळी पाहा. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, तिरका असताना तो थंड होत नाही.

मग पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहा. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन त्याच जागा त्याच क्रमाने मोजा, नकाशावर नवे आकडे वेगळ्या शाईने लिहा. दोन आकड्यांत पाचाहून जास्त फरक आला तर ती खिडकी किंवा पट्टी त्याच आठवड्यात उघडा. त्यानंतर हीच मोजणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर.